लिंबायतचा पत्रा आणि ध्रुवावरचा बर्फ

मे महिन्यातल्या दुपारी लिंबायतच्या पत्र्याच्या खोलीत पंखा फिरतो, तो गरम हवाच खाली ढकलत. लूमवर रात्रपाळी करून आलेल्या माणसानं अशात झोपायचं कसं? धुळे, जळगाव, नंदुरबारकडून रेल्वेनं सुरतेत आलेली कितीतरी खानदेशी कुटुंबं इथे राहतात, त्यांना हा प्रश्न दर उन्हाळ्यात पडतो. रात्री अकराला बाहेर जरा बरं वाटतं. पण भिंतीला हात लावा, ती अजून कोमट असते. दिवसभर गिळलेलं ऊन ती सावकाश परत करत असते.

पृथ्वीचाही हिशेब असाच चालतो. पडलेल्या उन्हाचा किती हिस्सा परत फेकला जातो, त्याला शास्त्रज्ञ ‘अल्बेडो’ म्हणतात. 100 भाग ऊन पडलं तर ताजं हिम त्यातले 80 ते 90 भाग परत पाठवतं, समुद्रावर तरंगणारा बर्फ 50 ते 70. आणि उघडं समुद्राचं पाणी? जेमतेम 6.

पत्रा तापला म्हणून लगेच काळा पडत नाही. बर्फाची गोम इथेच आहे. थोडा वितळला की खालचं काळसर पाणी उघडं पडतं, ते ऊन पितं, तापतं आणि शेजारचा बर्फ वितळवतं. मग आणखी पाणी उघडं. उत्तर ध्रुवाच्या लांबच लांब हिवाळी रात्रीत सूर्यच नसतो, तरी चक्र थांबत नाही. उन्हाळ्यात समुद्रानं साठवलेली उष्णता शरदात हवेत उतरते, अगदी लिंबायतच्या त्या भिंतीसारखी. उपग्रहांनी 1979 पासून मोजमाप ठेवलं आहे. सप्टेंबर 2012 मध्ये तिथला बर्फ सुमारे 34 लाख चौरस किलोमीटरवर आला, तो आजवरचा नीचांक. जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट वेगानं उत्तर ध्रुवप्रदेश तापतो आहे, त्यामागे इतर कारणांबरोबर हे चक्रही आहे.

चक्र उलटंही फिरतं. 1969 मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बुडिको यांनी साध्या गणितानं दाखवलं, की बर्फ ध्रुवांकडून एका मर्यादेपलीकडे खाली सरकला तर विषुववृत्तापर्यंत थांबणार नाही. सुमारे 72 ते 63.5 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी दोनदा जवळजवळ गोठली होती, असं खडकांतले पुरावे सांगतात. ज्वालामुखींचा कार्बन डायऑक्साइड हवेत साचत गेला, तेव्हा कुठे ती सुटली.

हे सगळं आपल्यापासून लांबचं वाटेल. पण गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, आणि भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र 2008 पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे. हिमालयातल्या हिमावर तर आपल्याच चुलींची, गाड्यांची काजळी बसते. पांढरं मळलं, की ऊन मुरलंच.

घराच्या छताचंही तेच. नवाकोरा चकचकीत पत्रा ऊन बरंच परतवतो, पण अंगातली उष्णता लवकर सोडत नाही, म्हणून चटका देतो. चुना दोन्ही कामं करतो. अहमदाबादेत 2017 पासून वस्त्यांमधली छतं अशी पांढरी करण्याचा कार्यक्रम झाला. मात्र चुना पावसात धुपतो आणि धुळीनं मळतो. तेव्हा होळी झाली की छत झाडून-धुऊन घ्या आणि अखाजीच्या आधी चुन्याचे दोन हात मारा.