परीक्षेतील नुरा कुस्ती

नुरा कुस्ती कोल्हापूरच्या प्रेक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात दोन मल्ल संगनमताने लढू लागले, की क्षणात हुर्यो उडते. परंतु आखाड्यातील लबाडी ज्या समाजाला खपत नाही, तोच समाज दहावी-बारावीच्या परीक्षेतील कॉपीकडे मात्र ‘पोराचे वर्ष वाया जाऊ नये’ एवढ्या सबबीवर काणाडोळा करतो. हा विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे.

बंदोबस्ताची उणीव आहे, असे म्हणता येणार नाही. परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राने १९८२ सालीच केला. भरारी पथके आली, कॉपीमुक्त अभियान आले, २०२५ च्या परीक्षेत संवेदनशील केंद्रांवर ड्रोनही फिरले. तथापि, पहारा वर्षातून काही आठवड्यांचा असतो. कॉपीचा मोह बाराही महिने पोसला जातो.

हा मोह केवळ विद्यार्थ्याचा आहे काय? शाळेच्या निकालाच्या टक्केवारीवर तिची पटसंख्या अवलंबून असते. पटसंख्येवर संचमान्यता होते आणि तीवर शिक्षकांची पदे ठरतात. पट घसरला, की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. ज्याची रोजीरोटी निकालावर टांगलेली, त्यालाच पर्यवेक्षक म्हणून वर्गात उभे करावयाचे आणि निःस्पृहतेची अपेक्षा धरावयाची, हे अर्थशास्त्राच्या प्राथमिक नियमाशी विसंगत आहे.

याचा पडताळा आकड्यांतही मिळतो. भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांत शाळांनी द्यावयाचे २० गुण २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत रद्द झाले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. पुढील वर्षी हे गुण पुन्हा सुरू झाले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर पोहोचला. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता, २०२० साली करोनामुळे भूगोलाची परीक्षा रद्द झाली, हे खरे. तरीही एवढ्या चढउताराचा उलगडा तेवढ्याने होत नाही. वर्षभरात मुलांची बुद्धी अठरा टक्क्यांनी वाढत नसते. चिठ्ठी ही गुणांची खोटी नाणी पाडते; सढळ हाताने दिलेले अंतर्गत गुण ही चलनवाढ होय. पहिलीला शिक्षा आहे, दुसरीला हारतुरे!

हिणकस नाणे चांगल्या नाण्याला व्यवहारातून हुसकून लावते, हा ग्रेशमचा नियम येथेही लागू पडतो. आज वैद्यकीय प्रवेश ‘नीट’वर, तर अभियांत्रिकीचा ‘सीईटी’ वा ‘जेईई’वर ठरतो, बारावीच्या गुणांना तेथे किमान पात्रतेपुरतेच स्थान उरले आहे. गुणपत्रिकेवरील अविश्वास हे याचे एकमेव कारण नसेल, परंतु परिणाम स्पष्ट आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे ते खासगी क्लासची दुसरी शिडी विकत घेतात. भुदरगड-चंदगडच्या अल्पभूधारकाच्या मुलाजवळ प्रामाणिकपणे मिळविलेले गुण हेच एकमेव भांडवल असते, आणि कॉपीने नेमके तेच मातीमोल होते. गरिबांच्या सोयीसाठी म्हणून चालू दिलेली ही सवलत शेवटी गरिबांनाच लुबाडते.

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक शाळेने दिलेले अंतर्गत गुण आणि त्याच विद्यार्थ्यांना मंडळाच्या लेखी परीक्षेत मिळालेले गुण यांतील तफावत शाळावार जाहीर करावी. टक्केवारीचे फलक लावणाऱ्यांना तफावतीचाही फलक लावणे भाग पडावे. शिक्षकांची पदेही एखाद्या वर्षीच्या पटावर न ठरविता काही वर्षांच्या सरासरीवर ठरवावीत.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न आल्यास दंड ठेवला तो पालकाला, मुलाला नव्हे. मुलाच्या शिक्षणातील कसुरीचा जाब प्रथम मोठ्यांना विचारावा, हा त्यातील न्याय होता. आज चिठ्ठीसह पकडले जाते ते सोळा वर्षांचे पोर. कुस्ती नुरा ठरविणारे मात्र मैदानाबाहेर, पहिल्या रांगेत बसलेले असतात.