कुत्र्यामांजरांची उलटी व ती थांबविणारी औषधे

राखणीचा कुत्रा व उंदरांचा बंदोबस्त करणारे मांजर ही शेतकऱ्याच्या घरची उपयुक्त जनावरे होत. त्यांना उलट्या होऊ लागल्या म्हणजे माणसांसाठी आणलेली गोळी भाकरीच्या तुकड्यातून देण्याकडे पुष्कळांचा कल असतो. ही रीत धोक्याची आहे. ती का, व त्याऐवजी काय करावे, ह्याचा येथे विचार केला आहे.

उलटी हा रोग नसून रोगाचे लक्षण होय. मेंदूच्या तळाशी उलटीचे नियंत्रण करणारे केंद्र असते. जठर व आतड्यांचा दाह, रक्तात भिनलेले विष किंवा कानाच्या आतील भागातील बिघाड ह्यांमुळे ते उत्तेजित होते. औषध ही उत्तेजना अडविते. मूळ कारण नाहीसे करीत नाही. त्यामुळे उलटी थांबली तरी आतील विकार वाढत राहू शकतो.

ह्या कामी मुख्यतः तीन औषधे वापरली जातात. मॅरोपिटंट हे जनावरांसाठीच तयार झालेले औषध असून २००६ साली युरोपात त्यास कुत्र्यांसाठी मान्यता मिळाली. मेटोक्लोप्रमाइड व ऑन्डान्सेट्रॉन ही माणसांचीही औषधे आहेत. मात्रा जनावराच्या वजनावर ठरते. मेटोक्लोप्रमाइडची एका वेळची मात्रा दर किलो वजनास साधारणतः ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असते. म्हणजे ४ किलोच्या मांजरास फार तर २ मिलिग्रॅम पुरे होते. माणसाची १० मिलिग्रॅमची अख्खी गोळी दिल्यास ती पाचपट होईल.

पुढील प्रसंगी पशुवैद्याने तपासल्यावाचून उलटी थांबविणारे औषध मुळीच देऊ नये :

(१) विषबाधेचा संशय. उलटीवाटे काही विष बाहेर पडत असते. उंदीर मारण्याचे झिंक फॉस्फाइड पोटात गेल्यास त्यापासून विषारी वायू निर्माण होतो. अशा जनावरास मोकळ्या हवेत ठेवावे, उलटीचा वास घेऊ नये व त्यास दूध-भाकरी देऊ नये. मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याचा प्रयत्नही करू नये. विषाचे पाकीट मात्र दवाखान्यात बरोबर न्यावे.

(२) आतड्यात अडथळा. हाड, मक्याच्या कणसाचा दांडा किंवा सुईदोरा गिळला असल्यास मेटोक्लोप्रमाइडने आतड्यांची हालचाल वाढून आतडे फाटण्याचा संभव असतो.

(३) उलटीत रक्त, फुगलेले पोट, झटके किंवा गाभण मादी.

(४) लहान पिले. मॅरोपिटंट ८ आठवड्यांखालील कुत्र्याच्या व १६ आठवड्यांखालील मांजराच्या पिलांसाठी नाही.

ह्याचा अर्थ ही औषधे निरुपयोगी आहेत, असा नव्हे. पार्वो रोगात पिलास उलट्या व रक्ताची हगवण होऊन शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. अशा वेळी सलाईनबरोबर पशुवैद्याने दिलेले हेच औषध पिलाचे प्राण वाचविण्यास साह्यभूत होते. पार्वोविरुद्ध लस वेळेवर टोचून घेणे हा मात्र अधिक खात्रीचा उपाय होय.

दवाखाना गाठेपर्यंत उलटी केव्हा, किती वेळा व कोणत्या रंगाची झाली, ह्याची नोंद ठेवावी. विषबाधेचा संशय नसेल व जनावर हुशार असेल तर थोडे थोडे पाणी पाजावे. लहान पिलास व मांजरास दीर्घकाळ उपाशी ठेवू नये. पॅरासिटामॉलची गोळी मांजरास प्राणघातक ठरते. ती कदापि देऊ नये. लाळ गळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या व वागणूक बदललेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. ती पिसाळल्याची लक्षणे असू शकतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती घरोघर सांगावी. एका दिवसात वारंवार उलट्या, सुस्ती किंवा रक्त दिसताच जनावर पशुवैद्यकीय दवाखान्यात नेणे, हेच हिताचे आहे.