सोनकी आणि खुरासणी

आश्विन लागला कीं जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर पिवळा रंग पसरतो. दोन वर्षांपूर्वीं आम्ही त्या बाजूस प्रथमच गेलों, तेव्हां बरोबरच्या नातवंडांस मोठ्या रुबाबानें सांगितलें, "ही सोनकी, रानांत आपोआप उगवते." मुलें लगेच फुलें तोडावयास धांवलीं. बांधावर बसलेले एक वयस्क वारली गृहस्थ शांतपणें म्हणाले, "गुरुजी, रानफूल नाहीं हें. आमची खुरासणी आहे." जन्मभर मुलांस शिकविलेल्या माणसानें दुसऱ्याच्या उभ्या पिकांत मुलें सोडलीं होतीं! आम्ही खजील झालों, क्षमा मागितली आणि त्यांच्यापाशीं बसून धडा घेतला.

चूक झाली तरी तिला थोडें कारण होतें. सोनकी व खुरासणी या दोघी सूर्यफुलाच्याच कुळांतल्या. या कुळांत जें एक फूल म्हणून दिसतें, तो वस्तुतः अनेक लहान फुलांचा मेळा असतो. मध्यें नळीसारखीं बारीक फुलें आणि कडेला पाकळीसारखीं दिसणारीं फुलें, सारीं एकाच बैठकीवर. एकत्र कुटुंबांतील वाचकांस ही रचना परकी वाटूं नये.

आतां भेद पाहूं. सोनकीच्या प्रजातीचें नांव 'सेनेसिओ'. लॅटिन भाषेंत 'सेनेक्स' म्हणजे वृद्ध. तिच्या बीजावर पांढऱ्या केसांचा झुबका येतो व त्याच्या बळावर तें वाऱ्याबरोबर उडतें. या प्रजातींतील अनेक वनस्पतींत यकृतास घातक द्रव्यें असतात. म्हणून सोनकी डोळ्यांनीं पाहावी, मुलांच्या तोंडांत जाऊं देऊं नये. खुरासणीचा दाणा काळा, चकचकीत व बिनकेसांचा असतो. सोनकीचीं पानें खोडावर एकाआड एक असतात, तर खुरासणीचीं खालचीं पानें समोरासमोर.

खुरासणी म्हणजेच आपल्या चटणीचे कारळे. नांवांत खुरासान असलें तरी तिचें मूळ इथिओपियांतलें. तिच्या रानटी बहिणी आजही तिकडे उगवतात. इकडे नागली-वरईच्या मुलखांत, उताराच्या हलक्या जमिनींतही ती येते. दाण्यांत सामान्यतः शेंकडा ३० ते ४० भाग तेल असतें. उरलेली पेंड गुरांस उपयोगी पडते. एका झाडाचा पराग त्याच झाडाच्या फुलास सहसा चालत नाहीं. त्यामुळें मधमाशी आल्याखेरीज दाणा भरत नाहीं. म्हणजे आमच्या मुलांनीं खुडलेल्या प्रत्येक फुलाबरोबर मधमाश्यांची मेहनत व त्या घरचें तेल दोन्ही गेलीं.

गेल्या कांहीं दशकांत देशांतील खुरासणीचें क्षेत्र पुष्कळ घटलें आहे. म्हणून जें उरलें आहे तें तरी आपल्या पायांखालीं जाऊं नये. जव्हारकडे सहलीस जाणाऱ्यांनीं पिवळा उतार दिसतांच त्यांत शिरूं नये. बांधावर कोणी असेल त्यास आधीं विचारावें. त्या गृहस्थांनीं आमच्याकडून भरपाई घेतली नाहीं. उलट मागील वर्षाचे शेरभर कारळे मुलांच्या हातीं दिले. घरीं आल्यावर त्यांची चटणी झाली, आणि त्या दिवशीं पानांत कोणी कांहीं टाकलें नाहीं.