हळदीचा डाग आणि कार्डाचे मोल

चिक्कडपल्ली, नारायणगुडा, काचीगुडा या भागांतील जुनी घरे पाडून तेथे सदनिका उभ्या राहत आहेत. माळे रिकामे करताना पत्र्याच्या पेट्या खाली येतात आणि त्यांत बहुधा दोऱ्याने बांधलेली कार्डांची चळत निघते. पूर्वी ती रद्दीत जाई. आता घरातील तरुण मंडळी भ्रमणध्वनीवर कार्डाचे छायाचित्र काढून कृत्रिम बुद्धिमत्तेला भाव विचारतात. क्षणार्धात आकडा येतो आणि त्यावर विसंबून सौदाही होतो. हा आकडा येतो कोठून, हे म्हणूनच पाहिले पाहिजे.

या विद्येची खरी भूमी अमेरिका. तेथे खेळाडूंची कार्डे क्रमांक घालून, एकसारखी, हजारोंनी छापली गेली. यंत्र चित्रावरून कार्ड ओळखते, कोपरे, कडा, पृष्ठभाग व छपाईचा मध्य तपासते आणि तशाच कार्डांच्या मागील विक्रीवरून अंदाज बांधते. मिकी मँटल या बेसबॉलपटूच्या १९५२ सालच्या एका कार्डाला ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले, ते मुख्यत्वे ते जवळजवळ निर्दोष राहिले होते म्हणून. अशा मालाच्या बाबतीत यंत्राचा हिशेब बराचसा जमतो.

आपल्या पेटीतील माल मात्र निराळा. हिंदुस्थानात टपालखात्याचे कार्ड १८७९ साली पाव आण्याला निघाले. निजामाच्या राज्याची तिकिटे १८६९ पासून स्वतंत्र होती, पण ती राज्याच्या हद्दीपुरतीच चालत. म्हणजे नांदेडला मामाकडे जाणारे पत्र निजामाच्या टपालाने जाई, पुण्याला आत्याकडे जाणाऱ्याला इंग्रजी तिकीट लागे. १९३१ च्या निजामी मालिकेत चारमिनार आहे, तसे अजिंठ्याचे प्रवेशद्वार आणि दौलताबादचा मिनारही आहे. तिकिटांवर किंमत मराठीतही छापलेली असे, याचा आम्हा हैदराबादकरांना थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा!

अशा कार्डाचे मोल तिकीट, टपालाचा शिक्का, गाव आणि तारीख यांच्या मेळात असते. एखाद्या लहान गावचा शिक्का क्वचितच विक्रीला येतो. मग यंत्राने तुलना कशाशी करावी? ते जवळपासचे काहीतरी गाठते आणि पुष्कळदा विक्रेत्याने मागितलेली किंमत व प्रत्यक्षात मिळालेली किंमत यांत घोटाळा करते. चित्रकार्डाची दर्शनी बाजूच दाखविली तर तिकीट-शिक्क्याचा विचारच होत नाही. रविवर्मा छापखान्याच्या धर्तीचे जुने शिळाछाप चित्र की अलीकडची नक्कल, हेही दुरून काढलेल्या छायाचित्रावरून कळणे कठीण. भिंगाखाली आधुनिक छपाईत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते, शिळाछापात वेडेवाकडे कण. हे काम दोन रुपयांच्या कुतूहलाने घरी होते.

आणि हळद? लग्नाच्या वा बारशाच्या पत्राच्या कोपऱ्याला आपण हळदकुंकू लावतो. यंत्राच्या लेखी तो डाग. डाग म्हणजे दोष. दोष म्हणजे भाव कमी. अनुभवी संग्राहकाला तीच खूण पत्र कोणत्या प्रसंगाचे हे सांगते. डाग पुसून कार्ड 'स्वच्छ' करण्याचा मोह कोणी धरू नये. तिकीट भिजवून सोडविणे त्याहून वाईट, कारण शिक्क्याचा निम्मा भाग कार्डावर राहतो, निम्मा तिकिटाबरोबर जातो.

विकायचेच असेल तर आधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून घरात ठेवावीत. मजकूर मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावा. मोडीचे देवनागरी करणारी यंत्रे आता घडू लागली आहेत, तरी घाईत लिहिलेल्या आजोबांच्या अक्षरापुढे त्यांची परीक्षा आहे. यंत्राचा आकडा निदान दोन संग्राहकांपुढे ठेवावा. परदेशी गिऱ्हाईक असेल तर पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा पाहावा. त्यात शंभर वर्षांच्या वस्तूंबरोबर पंचाहत्तर वर्षांची ऐतिहासिक कागदपत्रेही येतात आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर धाडता येत नाहीत. चळत फोडण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना एकदा बसवून ती वाचून दाखवावी. कोणते कार्ड विक्रीच्या ढिगात जाणार नाही, हे त्या वाचनातच ठरून जाते.