बाणाचे पाते आणि काठीचे टोक

बाण म्हटला की प्रथम त्याचे धारदार पाते डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु पाते उत्तम पोलादाचे असूनही ज्या लाकडी काठीवर ते बसवावयाचे, तिचे टोक नीट घडविलेले नसेल, तर बाण लक्ष्य गाठीत नाही. असे का होते, ते पाहू.

अमेरिकेत लाकडी बाणांसाठी पोर्ट ऑरफर्ड सीडर हा वृक्ष नावाजलेला आहे. तो ऑरेगॉनच्या नैर्ऋत्य व कॅलिफोर्नियाच्या वायव्य भागात वाढतो. त्याचे लाकूड हलके, सरळ तंतूंचे आणि वजनाच्या मानाने ताठ असते. काठीचा व्यास पुष्कळदा ११/३२ इंच, म्हणजे सुमारे ८.७ मिलिमीटर असतो. शिकारीच्या रुंद पात्यामागे शंकूसारखी पोकळ खोबण असते. तिची बाजू अक्षाशी ५ अंशांचा कोन करते. काठीचे टोकही त्याच कोनात निमुळते करावे लागते. २५ मिलिमीटर लांबीत व्यास सुमारे ४.४ मिलिमीटरने घटतो. टोकाशी जेमतेम निम्मा उरतो. पेन्सिलीला टोक करावे तसेच हे काम असते. मात्र काठी आधीच वाकडी असेल, तर शंकूही तिरका उतरतो. म्हणून ती प्रथम सरळ करून घेतात. कोन चुकल्यास काठी खोबणीला सर्वत्र न टेकता एका कडेवरच टेकते आणि पाते डळमळू लागते.

साधे निमुळते अग्र किंचित तिरपे बसले तरी फारसे बिघडत नाही. रुंद पाते मात्र हवेत पंखाप्रमाणे वागते. ते तिरपे असल्यास हवेचा दाब बाणाचे पुढचे टोक एका बाजूस ढकलतो, आणि मागची पिसे त्यास सावरू पाहतात. त्यात धनुष्यातून सुटताना काठी स्वतःही वाकत असते.

यावर कारागिरांची परीक्षा सोपी आहे. उष्णतेने मऊ होणाऱ्या चिकट द्रव्याने पाते बसवून, काठी दोन गुळगुळीत आधारांवर आडवी ठेवून फिरवावयाची. पात्याचे टोक एका जागी स्थिर राहिले, तर अक्ष जुळले. ते लहानसे वर्तुळ काढू लागले, तर पाते तापवून, किंचित फिरवून पुन्हा बसवावयाचे.

ही काळजी केवळ नेमबाजीच्या अभिमानासाठी नव्हे. भरकटलेला बाण जनावरास तत्काळ न मारता घायाळ करतो, आणि ते वेदना सोशीत रानात निघून जाते. टोक घडविताना वाचविलेली चार मिनिटे त्या जनावरास फार महाग पडतात.