ग्लायडरच्या नाकातला तापमापक

पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचची तार ग्लायडरला वर खेचते. तार सुटली की इंजिन नसलेल्या त्या विमानाची सारी मदार हवेवर. भारतात घडवलेल्या काही ग्लायडरांना चक्क नक्षत्रांवरून नावे मिळाली: अश्विनी, भरणी, कार्तिक, आणि १९६१मध्ये प्रथम उडालेली रोहिणी.

वैमानिकासमोर यंत्रे मोजकीच. वेग, उंची, दिशा आणि चढ-उतार दाखवणारा व्हेरिओमीटर. काही ग्लायडरांत त्यांच्या जोडीला बाहेरच्या हवेचा तापमापक असतो. त्याचा संवेदक बहुधा नाकाजवळच्या हवेच्या झरोक्यात बसवतात. तिथे ताजी हवा सतत लागते आणि ऊनही थेट पडत नाही. कॉकपिटच्या पारदर्शक छताखाली ठेवला, तर तो तिथल्याच उकाड्याचा आकडा दाखवील.

हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही; उंचीसोबत वाचला की बोलू लागतो. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीवर मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश तापमान आहे असे धरू. उघडी काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर निघते. घारी याच हवेवर पंख न हलवता घिरट्या घालतात. वर जाताना कोरडी हवा दर १,००० मीटरला सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. म्हणजे १,००० मीटरवर साधारण ३२, तर २,००० मीटरवर २२ अंश.

काटा याच चालीने उतरत असेल, तर खालची हवा चांगली घुसळलेली आहे. उतरणे मंदावले किंवा तापमान उलट वाढू लागले, तर वर उष्ण थराचे झाकण बसले आहे. वर येणारी हवा तिथे अडते आणि चढही संपतो. नागपूरहून हवामान खात्याचा फुगा पहाटे साडेपाचच्या सुमारास अशा थरांची मोजणी करतो. ते थर दुपारपर्यंत कितपत टिकले, हे उडताना तापमापकावर कळते.

स्पर्धेच्या ग्लायडरांत त्याचे आणखी एक काम असते. वेग वाढावा म्हणून पंखांत पाणी भरतात. ते गोठले तर पंखांना इजा होऊ शकते, म्हणून तापमान शून्याकडे झुकले की पाणी सोडायचे किंवा खाली यायचे. नालवाडीच्या त्या ४२ अंशांच्या दुपारी, हवा वरपर्यंत कोरडी असेल तर, शून्य गाठायला जमिनीपासून सुमारे ४,३०० मीटर चढावे लागेल. हिवाळ्यातल्या २८ अंशांच्या दुपारी २,९०० मीटर पुरतील.