इंग्रजीचे वाचन, इंग्रजीचे व्याकरण आणि बारावीची परीक्षा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू होते आणि रिवाजाप्रमाणे पहिला पेपर इंग्रजीचा असतो. वणीपासून उमरखेडपर्यंत पसरलेल्या यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत त्या सकाळी परीक्षाकेंद्रांच्या फाटकांपाशी जी धाकधूक दिसते, ती पुढे गणिताच्या किंवा भौतिकशास्त्राच्या दिवशीही क्वचितच दिसते. कारण इतर विषय शाखेगणिक बदलतात, परंतु इंग्रजी मात्र कला, वाणिज्य, विज्ञान या सर्वांनाच द्यावे लागते. या विषयाची भीती जशी मोठी आहे, तसे त्याच्या परीक्षेविषयीचे गैरसमजही मोठे आहेत. किंबहुना भीतीचा बराचसा भाग या गैरसमजांतूनच उत्पन्न झालेला आहे. पालक ज्या समजुतीने शिकवणीची फी भरतात, विद्यार्थी ज्या समजुतीने गाईड विकत घेतात आणि पुष्कळदा शिक्षकही ज्या समजुतीने तासिकांची वाटणी करतात, त्या समजुती वस्तुस्थितीशी ताडून पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

गैरसमज : इंग्रजीचा पेपर म्हणजे मुख्यतः व्याकरणाचा पेपर.

वस्तुस्थिती : हा समज आजोबांच्या पिढीकडून वारशाने आलेला आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांच्या दृष्टीने इंग्रजी येणे म्हणजे काळ, प्रयोग आणि वाक्यरूपांतर येणे होते, आणि त्या काळच्या परीक्षाही या समजुतीला पोषक होत्या. आजची कृतिपत्रिका तशी नाही. २०२०-२१ पासून लागू झालेल्या ‘युवकभारती’ पाठ्यपुस्तकावर आधारलेल्या रचनेत लेखी परीक्षा ८० गुणांची असून उरलेले २० गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. त्या ८० गुणांपैकी ३४ गद्यविभागाला, १४ कवितेला, १६ लेखनकौशल्याला आणि १६ कादंबरीविभागाला दिलेले आहेत. या शेवटच्या विभागात ‘टू सर, विथ लव्ह’, ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ आणि ‘द साइन ऑफ फोर’ यांतील वेचे येतात. ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ या नावाने धडकी भरवणारे जे निखळ व्याकरण, त्याच्या वाट्याला गद्यविभागातील दोन्ही उताऱ्यांखालचे आणि स्वतंत्र भाषाभ्यासाचे प्रश्न धरून जेमतेम आठ गुण येतात. बाकीच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नात विद्यार्थ्याने आधी काही वाचून समजून घेतले पाहिजे, अशीच अपेक्षा आहे. वर्षभराच्या तासिकांपैकी निम्म्या तासिका या आठ गुणांवर खर्च करणे हा हिशेब कोणत्याही कसोटीवर बरोबर ठरत नाही.

गैरसमज : तर मग व्याकरणाचा वाचनाशी संबंध नाही, शब्दार्थ पाठ केले की उतारा समजतो.

वस्तुस्थिती : पहिल्या गैरसमजातून सुटलेला मनुष्य सहसा या दुसऱ्या गैरसमजात सापडतो. शब्दसंग्रहाचे महत्त्व वादातीत आहे. हू आणि नेशन या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार कोणाच्या साह्यावाचून गोष्ट नीट समजायची, तर तिच्यातील शंभरांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द वाचकाच्या ओळखीचे असावे लागतात. परंतु शब्द ओळखीचे असूनही वाक्य अनोळखी राहू शकते, हे पुढील उदाहरणावरून ध्यानात येईल : ‘द फार्मर हूज क्रॉप हॅड फेल्ड वॉज हेल्प्ड बाय अ नेबर ही हॅड वन्स चीटेड.’ शेतकरी, पीक, मदत, शेजारी, फसवणे : यांतला एकही शब्द बारावीच्या विद्यार्थ्याला नवा नाही. तरीही मदत कोणी केली आणि फसवणूक कोणाची झाली होती, असे दोन प्रश्न विचारून पाहावेत. शब्दांमागून शब्द जोडत जाणारा विद्यार्थी सांगतो की शेतकऱ्याने शेजाऱ्याला मदत केली आणि शेजाऱ्याने त्याला फसवले. म्हणजे वाक्याचा अर्थ नेमका उलटा होतो. वाक्य सांगते ते असे की, ज्या शेजाऱ्याला शेतकऱ्याने पूर्वी फसवले होते, त्याच शेजाऱ्याने पीक बुडाल्यावर त्याला मदत केली.

ही चूक का होते, हे आपल्या भाषेकडे पाहिले म्हणजे कळते. मराठीत ‘शेजाऱ्याने’ आणि ‘शेतकऱ्याला’ यांतील प्रत्ययच कर्ता आणि कर्म यांची ग्वाही देतात, शब्दांची जागा बदलली तरी अर्थ ढळत नाही. इंग्रजीत ते काम शब्दांचा क्रम आणि ‘वॉज हेल्प्ड बाय’ ही कर्मणी रचना करते. त्यातच ‘नेबर’ आणि ‘ही’ यांच्यामधले संबंधी सर्वनाम गाळलेले आहे, ते वाचकाने मनात घालून घ्यायचे असते. वाचताना लागते ते व्याकरण हेच. शिओत्सु आणि वीअर यांनी जपानी विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवरून २००७ साली असे दाखवले की वाचनाच्या गुणांचा अंदाज शब्दज्ञानापेक्षाही वाक्यरचनेच्या ज्ञानावरून अधिक चांगला बांधता येतो. खेदाची गोष्ट ही की, ‘चेंज द व्हॉइस’चे रूपांतर सूत्राने बिनचूक करून दाखवणारा विद्यार्थीच वरील वाक्य वाचताना पुष्कळदा अडखळतो, कारण रूपांतराची कृती त्याला शिकवलेली असते आणि त्या रचनेतून अर्थ काढण्याची मात्र शिकवलेली नसते.

गैरसमज : मुलगा इंग्रजी उतारा अडखळल्याशिवाय मोठ्याने वाचतो, म्हणजे त्याला तो समजतो.

वस्तुस्थिती : गफ आणि टन्मर यांनी १९८६ साली वाचनाची जी सुटसुटीत मीमांसा मांडली, तिच्यानुसार वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरांचे उच्चारात रूपांतर करण्याची शक्ती आणि भाषा समजण्याची शक्ती यांचा गुणाकार होय, बेरीज नव्हे, दोहोंपैकी एक शून्य असेल तर फलही शून्यच. २०२३ च्या ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणात २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांमधल्या १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींना इंग्रजीतील साधी वाक्ये वाचायला दिली, तेव्हा ५७.३ टक्के मुलांना ती वाचता आली. परंतु वाचता येणाऱ्यांपैकी अर्थ सांगू शकले ते ७३.५ टक्के. म्हणजे ज्यांनी वाक्य वाचून दाखवले, त्यांच्यातही चौघांत सुमारे एकाला आपण काय वाचले ते सांगता आले नाही. म्हणून कानाला गोड लागणाऱ्या वाचनावर विसंबून पालकांनी निर्धास्त होऊ नये, त्याचप्रमाणे उच्चारात चाचरणाऱ्या पण अर्थ अचूक सांगणाऱ्या मुलीला ‘कच्ची’ ठरवण्याची घाईही शिक्षकांनी करू नये.

गैरसमज : पठित उताऱ्याच्या प्रश्नांत पुरे गुण मिळाले, म्हणजे वाचन पक्के.

वस्तुस्थिती : पाठ्यपुस्तकातला धडा वर्गात समजावून दिलेला असतो, गाईडात त्याची उत्तरे तयार असतात आणि अपेक्षित प्रश्नसंचातून त्यांची घोकंपट्टी झालेली असते. अशा उताऱ्यावरच्या गुणांत वाचनाचा वाटा किती आणि स्मरणाचा किती, हे कोणताही तपासनीस उत्तरपत्रिकेवरून सांगू शकणार नाही. शिवाय, प्रश्न जर उताऱ्याचेच शब्द उलटसुलट करून विचारलेला असेल, तर अर्थ लेशमात्र न समजताही उत्तर लिहिता येते. ‘द ग्लॉन्क ट्रिम्ब्ड द स्पॅली इन अ व्होर्ट’ या वाक्यातील मुख्य शब्द जगातल्या कोणत्याही शब्दकोशात नाहीत. तरी ‘व्हेअर डिड द ग्लॉन्क ट्रिम्ब द स्पॅली’ असे विचारल्यास कोणीही ‘इन अ व्होर्ट’ असे लिहून पुरे गुण मिळवील. खरी कसोटी अपठित उताऱ्याची, आणि त्यातही अशा प्रश्नांची, ज्यांचे उत्तर उताऱ्यात शब्दशः सापडत नाही पण उतारा समजल्याशिवाय देता येत नाही : लेखकाने असे का म्हटले असावे, अमुक घटनेपूर्वी काय घडलेले असले पाहिजे, या दोन विधानांत विरोध आहे की नाही. राज्य मंडळाच्या कृतिपत्रिकेत अपठित उताऱ्याला १२ गुण असून त्याच्या सारांशाला आणखी गुण आहेत. विद्यार्थ्याचे वाचन पाहायचे असेल, तर ते तेथे पाहावे.

गैरसमज : चीनची मुले व्याकरण घोकूनच इंग्रजीत पुढे गेली, आपणही तेच करावे.

वस्तुस्थिती : चीनमधील उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांची ‘गाओकाओ’ ही प्रवेशपरीक्षा जगातील सर्वांत कठोर परीक्षांपैकी एक गणली जाते आणि सांस्कृतिक क्रांतीच्या खंडानंतर १९७७ साली ती पुन्हा सुरू झाली. तेथे व्याकरणाचा मारा पुष्कळ होत असे, हे खरे. परंतु त्यांची नवी राष्ट्रीय इंग्रजी प्रश्नपत्रिका पाहिली असता निराळाच कल दिसतो. एकूण १५० गुणांपैकी वाचनाला ५०, श्रवणाला ३० आणि लेखनाला ४० गुण आहेत. व्याकरणाच्या खास प्रश्नाला १५ गुण आहेत, आणि तोही सुट्या वाक्यांचा नाही : एक सलग उतारा देऊन त्यातील दहा रिकाम्या जागा भरायला सांगतात, जेणेकरून मागचापुढचा अर्थ लागल्यावाचून योग्य रूप सुचूच नये. व्याकरण उताऱ्यातून सुटे काढून तपासण्याऐवजी त्यांनी ते उताऱ्यात परत नेऊन बसवले आहे. अनुकरण करायचेच असेल, तर या गोष्टीचे करावे.

आपल्याच देशात या प्रश्नावर मोलाचे काम झालेले आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरहून चालवलेल्या प्रयोगात दक्षिणेतील काही शाळांतून व्याकरणाचे नियम न शिकवता नकाशे, वेळापत्रके, कोडी अशी अर्थ लावून सोडवायची कामे इंग्रजीतून दिली गेली. पुढे त्याचे मूल्यमापन झाले, तेव्हा रूढ रचनाभ्यासाची चाचणी रूढ पद्धतीच्या वर्गांनी अधिक चांगली सोडवली आणि कामांवर बेतलेल्या चाचणीत प्रभूंचे वर्ग सरस ठरले. जसे शिकवावे तसे येते, आणि जसे तपासले जाणार असेल तसेच शिकवले जाते, हा त्यातला धडा यवतमाळच्या कनिष्ठ महाविद्यालयांनाही लागू आहे.

गैरसमज : घरी गोंडी, कोलामी, बंजारा किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी वाचन जमणे कठीणच.

वस्तुस्थिती : केळापूर, झरी-जामणी, घाटंजी या भागांतल्या आश्रमशाळांतून येणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी ही बहुधा तिसरी किंवा चौथी भाषा असते, आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यास त्यांना अधिक वेळ लागतो, हे न्याय्यपणे मान्य केले पाहिजे. परंतु यात दोष त्यांच्या मातृभाषेचा नाही. जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलेल्या आणि पुढे पुष्कळ अभ्यासांनी पुष्टी मिळालेल्या सिद्धांतानुसार एका भाषेत कमावलेली वाचनशक्ती (मुख्य मुद्दा हेरणे, कारण आणि परिणाम जोडणे, न सांगितलेले ताडणे) दुसऱ्या भाषेच्या वाचनाला उपयोगी पडते. उलटपक्षी, पहिल्याच भाषेत वाचन कमकुवत असेल तर त्याचे सावट इंग्रजीवर पडते. ‘असर’च्याच २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयोगटातील सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतील इयत्ता दुसरीचा मजकूरही सहज वाचता आला नाही. ज्याला आपण इंग्रजीचे अपयश म्हणतो, ते कित्येकदा वाचनाचेच अपयश असते, आणि त्यावरचा इलाज इंग्रजीच्या तासिकेइतकाच मराठीच्या तासिकेतही शोधावा लागतो.

गैरसमज : पस्तीस गुण मिळाले म्हणजे प्रश्न मिटला, न मिळाले म्हणजे मूल मठ्ठ.

वस्तुस्थिती : मंडळाची परीक्षा प्रमाणपत्र देण्यासाठी आहे, निदान करण्यासाठी नाही. अंतिम बेरजेवरून विद्यार्थी उत्तीर्ण झाला की नाही एवढेच कळते. त्याची अडचण शब्दांत आहे, वाक्यरचनेत आहे की परिच्छेदांचा दुवा जोडण्यात आहे, याचा पत्ता गुणपत्रिकेत नसतो. तो काढण्याची तजवीज महाविद्यालयालाच करावी लागते, आणि तिला ना फार खर्च लागतो ना वरिष्ठांचा हुकूम. अकरावीचे वर्ग सुरू होताच एखाद्या तासिकेत दोनशे शब्दांचा अपठित उतारा द्यावा आणि त्यावर तीन प्रकारचे प्रश्न विचारावेत : काही शब्दार्थाचे, काही ‘कोणी कोणाला काय केले’ अशा रचनेचे, काही उताऱ्यात न लिहिलेल्या निष्कर्षाचे. दुसऱ्या एका तासिकेत अमेरिकी संशोधक विल्सन टेलर यांनी १९५३ साली रूढ केलेली पद्धत वापरावी. म्हणजे कोणताही साधा उतारा घेऊन पहिले वाक्य शाबूत ठेवावे, पुढे दर सातवा शब्द गाळावा आणि तो विद्यार्थ्याकडून भरून घ्यावा. ‘दि’, ‘ऑफ’, ‘वॉज’, ‘हूज’ अशा जागा चुकल्या तर रचना कच्ची, नामे आणि क्रियापदे चुकली तर शब्दसंग्रह किंवा आकलन कच्चे. या चाचण्यांचे गुण निकालपत्रकात चढवू नयेत, वर्गासमोर वाचूही नयेत. शिक्षकाच्या वहीत प्रत्येक नावापुढे अडचणीचा प्रकार तेवढा नोंदवावा आणि पुढील महिन्यांच्या तासिका त्या नोंदीवर बेताव्यात. गुणांची भीती नसली की मूल अंदाज करण्याचे धाडस करते, आणि त्याच्या चुकीच्या अंदाजातूनच शिक्षकाला नेमके निदान सापडते.

पालकांनाही यात वाटा उचलता येतो, त्यांना इंग्रजी येत नसले तरीही. मुलाने वाचलेला उतारा त्याला आपल्या बोलीत, वऱ्हाडीत, गोंडीत किंवा बंजारा बोलीत सांगायला लावावा आणि ऐकताना ‘मग त्यानं असं का केलं?’ एवढा एक प्रश्न विचारावा. ज्याला उत्तर देता आले, त्याने तो उतारा खरोखर वाचला असे खुशाल मानावे. ज्याला देता आले नाही, त्याला बोल न लावता पुन्हा वाचायला बसवावे. कृतिपत्रिकेची रचना पुण्याच्या मंडळात ठरते आणि ती बदलणे कोणा एका शाळेच्या अखत्यारीत नाही. परंतु आपल्या वर्गात आणि आपल्या घरात वाचन तपासायचे की पाठांतर, हे ठरवण्याचा अधिकार यवतमाळच्या प्रत्येक शिक्षकाला व पालकाला आजही आहे, आणि तो त्याने याच वर्षीपासून बजावावा.